रावसाहेबांच्या हिरवळीतली हुमणी

मी इंटर सायन्सला होते त्या वर्षी सिविल लाइंसमधल्या एका बंगल्याच्या मागच्या अर्ध्या भागात आम्ही भाड्यानं राहत होतो. पुढचा भाग मालकांचा. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सरकारनं त्यांना रावसाहेब ही पदवी दिली होती, आणि घरचे, दारचे, माळी, दूधवाला सगळे त्यांना तेवढंच म्हणत. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असे, तरी आमचं वऱ्हाडी कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. बाबा कचेरीत कारकून. काही वर्षं ते रावसाहेबांच्याच हाताखाली होते, आणि ती सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती. भाडं वेळेवर देऊनही बाबा त्यांच्यासमोर खुर्चीच्या काठावर टेकत, कधी पूर्ण बसत नसत.

बंगल्यासमोर हरळीची हिरवळ होती. रावसाहेबांचा जीव तिच्यात होता. संध्याकाळी तिच्यावर वेताच्या खुर्च्या मांडल्या जात आणि त्यांची मित्रमंडळी चहाला येत. आम्हाला तिच्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. आम्ही कडेच्या मुरमाच्या वाटेनं मागं जायचं.

त्या भाद्रपदात हिरवळीवर पिवळे डाग दिसायला लागले. आधी ताटलीएवढे, मग बैलगाडीच्या चाकाएवढे. तिथलं गवत हातानं ओढलं तर जुन्या सतरंजीसारखं सगळं वर येई, खाली मूळ म्हणून काही नसे. त्याच दिवसांत हिरवळभर गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसत होते, आणि पाऊस पडून गेला की वाटेवर गांडुळंच गांडुळं. रावसाहेबांनी हे दोन्ही जोडलं. त्यांचे एक मित्र दर थंडीत फुलांच्या प्रदर्शनात परीक्षक असत. त्यांनी डागात काठी खुपसून पाहिली आणि निकाल दिला की केंचुए, म्हणजे गांडुळं, मुळं खातायत. त्यावर उपाय म्हणजे रसकापूर. पाऱ्याचं हे विष पाण्यात विरघळवून सगळ्या हिरवळीवर ओतायचं, की गांडुळं वर येऊन मरतात आणि झाडूनं लोटून टाकता येतात. साहेब लोकांच्या बंगल्यांवर असंच करतात म्हणे.

हे मला माळ्याकडून कळलं. विष कालवायला तो आमच्याकडे जुनं पिंप आहे का विचारायला आला होता. त्यालाही गांडुळांचंच वाटत होतं, कारण डोळ्यांना तीच दिसत होती.

बंगल्याची जमीन पुढून मागं उतरती होती. हिरवळ वर, आणि खाली मागच्या बाजूला विहीर. जोराचा पाऊस झाला की त्याच दिवशी विहिरीचं पाणी गढूळ होई. रावसाहेबांच्या घरात नळ होता. विहिरीचं पाणी प्यायचो आम्ही आणि मागच्या खोल्यांतून राहणारी माळ्याची, टांगेवाल्याची, धोब्याची बिऱ्हाडं.

मी संध्याकाळी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. गांडूळ जिवंत मूळ खात नाही, त्याला खायला दातच नाहीत. आणि ते विष आपल्या विहिरीत उतरेल. बाबांनी पहिली ऐकून सोडून दिली, पण दुसरीनं त्यांचा चेहरा बदलला. ते रावसाहेबांकडे जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, की त्यांच्या मते विष इतकं पातळ करणार आहेत की मुंगीसुद्धा मरायची नाही. मी विचारलं, मग गांडुळं कशी मरतील? बाबा उठले. हातपाय धुवायला गेले.

त्याच वर्षी कॉलेजात आमचं गांडुळाचं प्रॅक्टिकल झालं होतं. वर्गात आम्ही दोघीच मुली. गांडुळांचा ट्रे टेबलावर आला तेव्हा मुलगे काम सोडून आमच्याकडे बघत उभे राहिले. आम्ही किंचाळून पळणार अशी त्यांची खात्री होती. मी माझं गांडूळ उचललं, मेणाच्या ताटलीवर टाचलं आणि चिरायला घेतलं, तोवर मुलग्यांतल्या निम्म्यांनी हात लावला नव्हता. आमचे सर शांत गृहस्थ होते. जमिनीतला कुठलाही किडा हातात आला तर आधी त्याचं नाव विचारू नका, पाय आहेत का बघा, असं ते सांगत. मग डोकं बघा, जबडा बघा, बोट लावल्यावर तो काय करतो ते बघा. नाव शेवटी आपोआप येतं.

तेव्हा रविवारी सकाळी मी खुरपं आणि परात घेतली आणि मुरमाची वाट सोडून सरळ हिरवळीवर गेले. रावसाहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. तिकडून जाऊ नकोस, असं त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं. मी म्हटलं, जात नाही, इथंच बसणार आहे. आणि एका डागाच्या कडेला बसून वीतभर चौकोन कापला.

डागाच्या मधोमध काही नव्हतं. जे होतं ते कडेला, जिथं पिवळं संपून हिरवं सुरू होत होतं तिथं. पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या, आकड्यासारख्या वाकलेल्या, करंगळीएवढ्या जाड. डोकं तपकिरी आणि टणक, जबडे काळे, डोक्यामागं पायांच्या तीन जोड्या. मागचा भाग फुगलेला आणि आतल्या मातीनं निळसर दिसणारा. बाहेर काढल्या तरी त्या सरळ होत नव्हत्या, कुशीवर पडून वळवळत होत्या. ती हुमणी. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती जे तपकिरी भुंगेरे येऊन आपटतात, त्यांची पोरं. मग मी हिरव्यागार जागी दुसरा चौकोन कापला. तिथं गांडुळं होती. पाय नाहीत, जबडा नाही, अंगभर कडी आणि पुढच्या बाजूला एक फिकट पट्टा. तिथली मुळं पांढरी आणि धड होती.

आणखी एक प्रकार निघाला, केसासारखा बारीक, पांढरा, दोन्ही टोकांना सारखाच. तो काय होता ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं आयुष्यभर हेच शिकवलं, तरी आजही छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही.

मी परात नेऊन रावसाहेबांच्या चहाच्या तिपाईवर ठेवली. एका बाजूला हुमणी, दुसऱ्या बाजूला गांडुळं. मुळं कोण खातं हे मी त्यांना सांगितलं, पाय दाखवले, जबडे दाखवले. त्यांनी परातीकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"तू माझी हिरवळ खणलीस."

"हो. वरून दिसत नव्हतं म्हणून."

"कीडा कीडाच असतो," ते म्हणाले. "सब मरेंगे. उचल हे."

मी म्हटलं, दोन वेगळ्या प्राण्यांना एक नाव दिलं म्हणून ते एक होत नाहीत, आणि तुमचं विष ज्या पाण्यात जाईल ते तुम्ही पीत नाही, आम्ही पितो. एवढं बोलून मी मागं वळले, पण परात उचलली नाही. ती माळ्यानं उचलून आमच्याकडे आणून दिली.

आईनं परात बघितली आणि कपाळावर हात मारला. ती कणीक मळायची परात होती. तिनं ती आवाराच्या टोकाशी नेऊन राखेनं घासली, पुन्हा घासली, आणि तरी त्या आठवड्यात पोळ्या केल्या नाहीत, लाकडी काठवटीत भाकरीच केल्या. आईला किड्यांची फार किळस. पण रात्री जेवताना तिनं विचारलं, की मुळं खाणारी ती कोणती? मी म्हटलं दाखवते. "दाखवू नको," ती म्हणाली. "नुसतं सांग." मी सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कुंड्या भरल्या. माती हिरवळीतलीच, गवतही तिथलंच, निरोगी. एकीत गांडुळं सोडली, दुसरीत हुमणी. दोन्हींना सारखं पाणी. कुंड्या मी पुढच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ठेवल्या, कारण बंदी हिरवळीची होती, पायऱ्यांची नव्हती. रावसाहेबांकडे येणारा प्रत्येक माणूस तिथूनच वर चढे. कोणी विचारलं की मी सांगत असे. माळी हुकमाप्रमाणे कुंड्या उचलून मागं नेऊन ठेवी, आणि मी कॉलेजातून आले की त्या पुन्हा पायऱ्यांवर आणून ठेवी. त्यावरून माळ्याचं आणि माझं भांडण असं झालं नाही. तो उचलताना पाणी सांडू देत नसे.

बाबांनी मला समजावून पाहिलं. आपल्याला इथं राहायचं आहे, असं म्हणाले. मी म्हटलं, पाणीपण इथलंच प्यायचं आहे.  त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसत होते, आणि ते मला जास्त लागलं. तरी कुंड्या मी हलवल्या नाहीत.

पितृपक्ष सरता सरता हुमणीच्या कुंडीतलं गवत पिवळं पडलं, मग वाळून तपकिरी झालं. गांडुळांच्या कुंडीत नवे फुटवे आले होते. पण रावसाहेबांनी पायऱ्या चढता उतरताना मान दुसरीकडे वळवायची सवय लावून घेतली होती. औषधाच्या दुकानातून पुडा आला. पिंपही कुठून तरी मिळालं.

विष ओतायच्या सकाळी माळी दोन मजूर घेऊन आला. परीक्षक मित्रही येऊन व्हरांड्यात बसले होते. बाबा कचेरीचा कोट घालून निघायच्या तयारीत होते. मी पायऱ्यांवरच्या दोन्ही कुंड्या काखेत घेतल्या, हिरवळीच्या मधोमध गेले आणि बसले. कुंड्या दोन बाजूंना ठेवल्या.

आधी ठरवून काही केलं नव्हतं. पुडा फोडताना बघितला आणि पाय तिकडे गेले, इतकंच.

माळी जवळ येऊन हळूच म्हणाला, "बिटिया, उठ जाओ. हुकुम है." मी म्हटलं, तुझी बायको कुठल्या विहिरीचं पाणी भरते? तो तिथंच थांबला. हातातलं पिंप त्यानं खाली ठेवलं. तोवर मागच्या खोल्यांतल्या बायका कुंपणाच्या मेंदीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. रस्त्यावरून कचेरीला जाणारे लोक फाटकाशी थबकले. सिविल लाइंसमध्ये सकाळच्या वेळी एक मुलगी बंगल्याच्या हिरवळीवर ठाण मांडून बसली आहे, हे तिथं रोज दिसणारं दृश्य नव्हतं. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "क्या सत्याग्रह चल रहा है?"

तो शब्द व्हरांड्यापर्यंत गेला. त्या वर्षांत त्या शब्दाला वजन होतं. शहरात कोणी ना कोणी तुरुंगात जात होतं, आणि रावसाहेबांनी सगळी हयात अशा लोकांपासून अंतर राखण्यात घालवली होती. आता तोच शब्द त्यांच्या फाटकाशी, त्यांच्याच हिरवळीवर. ते खुर्चीतून उठले. फाटकाकडे बघितलं, मग आमच्या दाराकडे, आणि त्यांनी बाबांना हाक मारली.

"तुमच्या मुलीला उठवा."

बाबा मुरमाच्या वाटेवर आले. हिरवळीच्या कडेशी थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खाली वाकून जोडे काढले, वाटेवर नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांनिशी हिरवळीवरून चालत माझ्यापर्यंत आले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्यावर पाय ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"उठून राहिली का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही."

मला वाटलं होतं ते हात धरतील. त्यांनी धरला नाही. ते माझ्याशेजारी उभे राहिले, हात मागं बांधून, तोंड व्हरांड्याकडे करून. बसले नाहीत, कारण बसणं त्यांना जमलं नसतं. पण गेलेही नाहीत. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना भीती वाटत होती आणि ते उभे होते.

शेवटी परीक्षक मित्र काठी टेकत खाली आले. त्यांना बहुधा काहीतरी करून हा तमाशा संपवायचा होता. त्यांनी एका कुंडीतलं हिरवं गवत चिमटीत धरून ओढलं. ते आलं नाही. दुसऱ्या कुंडीतलं वाळकं ओढलं, तर सगळा झुपका हातात आला आणि त्याच्या खालच्या मातीत हुमणीचं तपकिरी डोकं हललं. त्यांनी झुपका परत कुंडीत ठेवला. रुमालानं बोटं पुसली, एकेक करून.  व्हरांड्याकडे वळून म्हणाले, "रावसाहेब, आज नको. पाऊस येणार असं दिसतं."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पण रावसाहेबांनी वर बघितलं, मान हलवली आणि पुडा आत न्यायला सांगितलं.

माळ्यानं मला विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पिवळे डाग कुदळीनं खणून माती उलटी केली. साळुंक्या, कावळे, मागून बगळे आले. ते कुदळीच्या मागंच चालत आणि हुमणी वर आली की उचलत. मग त्या जागी नवी हरळी लावली, आणि दिवाळीपर्यंत डाग भरून आले. मातीचे गोळे टाकणारी गांडुळं जिथं होती तिथंच राहिली. पाहुण्यांना रावसाहेब सांगत, की पक्ष्यांची युक्ती त्यांना एकदा पचमढीच्या बंगल्यावर सुचली होती. मी ते दारातून ऐकलं. सांगोत बापडे. पाणी पिण्यासारखं राहिलं होतं.

त्याच महिन्यात त्यांनी आम्हाला जागा सोडायला सांगितलं. कारण दिलं पुतण्या येणार असल्याचं. पण परीक्षक मित्रांकडून वेगळा निरोप आला, की मुलीनं येऊन माफी मागितली तर पुतण्याची सोय दुसरीकडे होऊ शकेल. बाबांनी तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि विचारलं, मागशील का? मी विचारलं, कशाची मागू? बाबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "बरं," म्हणाले, आणि टोपी घालून घर शोधायला गेले.

घर मिळालं गोहलपूरला. दोन खोल्या आणि मागं हातभर अंगण. शेजारी लोहाराचं दुकान, त्याच्या पलीकडे विड्यांचा कारखाना, दिवसभर ठोकठोक आणि तंबाखूचा वास. सिविल लाइंसच्या मानानं ते घर म्हणजे उतरणच होती, हे नातेवाइकांनी आम्हाला येऊन सांगितलं. निघायच्या दिवशी मागच्या खोल्यांतल्या बायका न बोलावता आल्या आणि आमचे हंडे, पाटा, वरवंटा गाडीपर्यंत वाहून दिले. धोब्याच्या बायकोनं आईला मिठी मारली. मला कोणी काही म्हटलं नाही. मलाही काही ऐकायचं नव्हतं.

इंटरनंतर शिकणं पुरे, असं घरात आधीच ठरलेलं होतं. निकाल लागला त्या दिवशी मी बाबांना सांगितलं की बी.एस्सी.ला नाव घालायचं आहे, प्राणिशास्त्र घेऊन. मी वाद घालायच्या तयारीनं आले होते. बाबा जेवत होते. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायलं, आणि कॉलेज इथून लांब पडेल, जाणार कशी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चालत. मग ते म्हणाले, चालत नको, टांग्याचं बघू.

पण तोवर आमच्या लोकांत माझं नाव झालं होतं. गांडुळवाली. कुणाच्या लग्नाच्या बोलण्यात माझं नाव निघालं की हाही शब्द निघे, आणि बोलणं तिथंच संपे. मला त्याचं दुःख झालं असं म्हणणं खोटं होईल. मी प्रयोगशाळेत जायची, किडे ओळखायची, आणि जे ओळखता यायचं नाही ते तसं सांगायची.

त्या संक्रांतीला आईनं गोहलपूरच्या घरी हळदीकुंकू केलं. सिविल लाइंसमधल्या काही बायकाही आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं, जिची सून नुकतीच घरात आली होती, मला तिळगूळ घेताना बघितलं आणि आईला विचारलं, की मुलीला घाणीतले किडे शिकवून पुढं काय करायचं ठरवलंय?  आईच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिनं त्या बाईंना हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत वाण घातलं, सगळं रीतसर.

"आमची पोरगी शिकून राहिली," ती म्हणाली. "काय शिकून राहिली ते तुम्हाला काहून पाहिजे?"

आणि करंडा घेऊन ती पुढच्या बाईकडे गेली.